शतपावली

जेवणानंतर, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर, सावकाश फेऱ्या मारण्याचा प्रघात म्हणजे शतपावली. शब्दशः अर्थ शंभर पावले. ‘शतपावली करणे’ आणि ‘शतपावली घालणे’ असे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. माणूस काळजीत असला किंवा कुणाची वाट पाहत असला की घालतो त्या येरझाऱ्या. शतपावलीत पोट भरलेले आणि मन निवांत असते.

कल्पना जुनी आहे. जेवल्यावर अन्नाचा शीण जाईपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि डाव्या कुशीवर पडावे, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. मराठी घरांनी या एका नियमाची वाटणी केली: दुपारच्या वाट्याला वामकुक्षी आली, रात्रीच्या वाट्याला शतपावली. जेवणानंतर शंभर पावले चालणारा नव्व्याण्णव वर्षे जगतो, अशी चिनी भाषेतही म्हण आहे. दोन्हीकडे आकडा शंभरच असावा, हे लक्षात राहण्याजोगे आहे.

शतपावलीला मैदान लागत नाही, वेगळे कपडे लागत नाहीत. वाड्याची ओसरी, घरापुढचे अंगण, चाळीची गॅलरी, इमारतीची गच्ची, सोसायटीचे आवार यांपैकी काहीही चालते. चाळीत रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास हात मागे बांधून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारे आजोबा, त्यांच्या चपलांचा एकसारखा आवाज, दाराशी थांबून ‘झालं का जेवण?’ एवढी विचारपूस आणि पुन्हा चालणे, हे तिचे ओळखीचे रूप. रोज भेटणारी माणसे याच वेळी भेटत, त्यामुळे एखादा दोन दिवस दिसला नाही तर लगेच चौकशी होई. शतपावली टिकली ती आरोग्याच्या धाकाने जितकी, तितकीच या सोबतीमुळे.

तिचा शरीराला होणारा उपयोग आता बराच उलगडला आहे. भात, पोळी, भाकरी यांतील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात उतरते. जेवण सुरू केल्यापासून साधारण तासा-दीड तासात रक्तातील साखर सर्वांत वर जाते. नेमक्या त्याच वेळी पाय चालत असतील, तर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू ती साखर इंधन म्हणून ओढून घेतात. आकुंचन पावणारा स्नायू हे काम इन्सुलिनच्या मदतीवाचूनही करू शकतो, आणि मधुमेहात इन्सुलिनच अपुरे किंवा निष्प्रभ ठरत असल्यामुळे या गोष्टीला मोठे मोल आहे. शिवाय पोटरी दर पावलाला आवळते आणि पायांत साठलेले रक्त वर हृदयाकडे ढकलते. जेवून लगेच आडवे झाल्यावर ज्यांना घशाशी आंबट येते, त्यांना थोडा वेळ उभे राहून हिंडण्याने आराम पडतो.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या 41 जणांना आळीपाळीने दोन प्रकारे चालायला सांगितले होते: दिवसातून केव्हाही सलग 30 मिनिटे, किंवा तिन्ही जेवणांनंतर 10-10 मिनिटे. चालणे तेवढेच, पण जेवणानंतर चालले असता जेवणोत्तर साखर सरासरी 12 टक्के कमी आढळली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक 22 टक्के होता. रात्री पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ले जातात आणि त्यानंतर माणूस बसूनच राहतो, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे रात्री उशिरा भरपेट जेवून टीव्हीसमोर बसणाऱ्या घरांना हे तंतोतंत लागू पडते. देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिला आहे.

शंभर हा आकडा मात्र शब्दशः घेऊ नये. शंभर पावले म्हणजे जेमतेम एका मिनिटाची चाल. 10 ते 15 मिनिटे, म्हणजे हजार-दीड हजार पावले, हा व्यवहारातला चांगला मापदंड. रोज 10,000 पावलांचा आकडाही असाच आहे: 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या ‘मान्पो-केई’ (दहा हजार पावलांचे मापक) या नावातून तो जगभर पसरला. थोड्या चालीलाही किंमत आहे. सलग 10 मिनिटांपेक्षा कमी झालेली हालचाल पूर्वी जागतिक आरोग्य संघटना हिशेबात धरत नसे. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ती अट काढून टाकण्यात आली. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे त्यात म्हटले आहे. रोज दोन्ही जेवणांनंतर जरा झपझप 12 मिनिटे चालले, तरी त्यातला खालचा आकडा गाठता येतो.

या प्रघाताची एक बाजू दुखरी आहे. घरातील पुरुष शतपावलीला निघत आणि बायका मागे ओटा आवरत, उष्टी काढत, विरजण लावत राहत. ते कामही हालचालच होय, पण मोकळ्या हवेतला, स्वतःचा असा तो वेळ त्यांच्या वाट्याला क्वचित आला. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांत 57 टक्के आहे. आवराआवर दोघांनी मिळून करावी आणि दोघांनी मिळूनच खाली उतरावे, एवढा बदल या जुन्या सवयीत व्हायला हवा.

काही जणांनी जपून चालावे. जेवणानंतर रक्ताचा ओघ पोटाकडे वळतो आणि वृद्धांचा रक्तदाब कधी कधी एकदम उतरतो. ताटावरून उठताच चालू लागल्यास त्यांना भोवळ येऊ शकते. आधी थोडे स्वस्थ बसण्याचा सुश्रुतसंहितेतला सल्ला त्यांच्यासाठी आजही योग्य आहे. जेवून चालताना छातीत दाटून येत असेल, तर ते अपचन समजून अंगावर काढू नये, हृदय तपासून घ्यावे. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असते आणि खडा रुतलेलाही कळत नाही. अशांनी अंगणातली शतपावलीसुद्धा अनवाणी करू नये.