कर्करोगातील पर्यायी उपचार : रुग्णानुभवांची पारख

काढा, विशिष्ट आहार किंवा जडीबुटीने कर्करोग बरा झाल्याच्या सांगोवांगीच्या व प्रत्यक्ष अनुभवांना पुरावा म्हणून किती वजन द्यावे, हे ठरवण्याची रीत. असे अनुभव सहसा खोटे नसतात, अपुरे असतात.

पहिला प्रश्न निदानाचा. बायॉप्सीने कर्करोग पक्का झाला होता का? त्यानंतर, आधी कोणते उपचार झाले होते? स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढून झाल्यावर एखादी रुग्ण केमोथेरपी नाकारते व काढा सुरू करते. दहा वर्षांनी ती ठणठणीत असली की श्रेय काढ्याला जाते. प्रत्यक्षात अनेकींचा रोग शस्त्रक्रियेनेच गेलेला असतो. केमोथेरपी तो उलटण्याचा धोका कमी करण्यासाठी असते. काही कर्करोग मुळातच संथ असतात, तर अगदी क्वचित एखादा आपोआप ओसरतो.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्याच उपायाने दगावलेले आपली हकिगत सांगायला उरत नाहीत. लेट्राइलच्या प्रकरणात हे लख्ख दिसले. जर्दाळूच्या बियांतील अमिग्डॅलिनशी निगडित हे द्रव्य अमेरिकेत अंदाजे ७०,००० जणांनी घेतले होते. १९७८ मध्ये तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना पत्रे पाठवून गुण आलेल्या रुग्णांची कागदपत्रे मागवली. आली अवघी ९३. त्यांतली तपासण्याजोगी ६७, आणि गाठ आकसल्याचे आढळले फक्त ६ जणांत. तेवढ्यावरूनही संस्थेने चाचणी घेतली, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल. १७८ रुग्णांवरील त्या चाचणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये आले : ठोस लाभ नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोहोचलेले.

उपचार टाळण्याची किंमतही मोजली गेली आहे. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, रोग दूरच्या अवयवांत पसरलेला नसतानाही केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांना मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट आढळला.

तरीही अशी माहिती धुडकावून लावणे चूक ठरेल. सदाफुली मधुमेहावरचा लोकउपाय म्हणून तपासली जात असताना, १९५० च्या दशकात तिच्या अर्काने प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटताना दिसल्या. त्या निरीक्षणाचा पाठपुरावा झाला म्हणून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती लागले, पुढे व्हिनक्रिस्टिनही. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते.