शनिवार, दुपारी चार

फसवून नेलेल्या आणि सुटका झालेल्या मुलींच्या निवासगृहात कुणा पाहुण्याने वाढदिवस साजरा केल्याचा फोटो पेपरात दिसला की माझे तर्री-पोहे थंड होतात. मोठा केक, वह्यांचे गठ्ठे, पाहुण्यांचे हसरे चेहरे आणि मुलींचे धूसर केलेले. धूसर करावेच लागतात. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. माझं भांडण केकशी आहे. किंवा खरं तर केक कापून गेलेल्या, परत कधीच न दिसलेल्या पाहुण्याशी.

नागपूर देशाच्या मधोमध. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात. कामाच्या नाहीतर लग्नाच्या आमिषाने नेली जाणारी मुलं या फलाटांवरून जातात, काहींची सुटकाही इथेच होते. बालकल्याण समितीसमोर हजर केलं, निवासगृहात ठेवलं, इथे बातमी संपते.

माझी एक मैत्रीण रीतसर परवानगी घेऊन अशा एका निवासगृहात दर शनिवारी चार ते पाच कॅरम खेळायला जाते. मे महिन्यात, बाहेर 45 अंश असतानाही. "तिथे नेमकं करतेस काय?" असं विचारलं तर म्हणते, "काही नाही बा, खेळते." तिचं हे 'काही नाही' समजून घ्यायला मला उंदरांपर्यंत जावं लागलं.

1970 च्या सुमारास जे वाइस या अमेरिकी संशोधकाने दोन उंदरांच्या शेपट्या एकाच विद्युतमंडलाला जोडल्या. दोघांना झटके सारखेच, त्याच क्षणी, तेवढ्याच जोराचे. एकाला प्रत्येक झटक्याआधी एक आवाज ऐकू येई. दुसऱ्यालाही आवाज येई, पण केव्हाही, झटक्याशी काही संबंध नसलेला. नंतर जठर तपासलं तर दुसऱ्या उंदराला कितीतरी जास्त व्रण झालेले.

वीज सारखी, मग फरक कुठून आला? मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला फार आवडतं. पहिल्या उंदराला आवाजाने धोका कळत होताच, पण त्याहून मोठी कमाई म्हणजे शांततेला अर्थ आला. आवाज नाही म्हणजे आत्ता काही होणार नाही, तेवढा वेळ खाता येतं, डुलकी काढता येते. दुसऱ्याच्या दिवसात सुरक्षित असं एकही मिनिट नव्हतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने पिट्युटरी ग्रंथीला सांगावं, पिट्युटरीने मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरावं ही साखळी संकटापुरती बनलेली आहे. संकट केव्हा संपलं हेच कळत नसेल तर ती थांबणार कशी?

आता निवासगृहातल्या एखाद्या मुलीकडे या. कोण येणार, केव्हा येणार, कुठे नेणार, यातलं काहीच तिला आधी कळत नव्हतं. जो एक इशारा तिला मिळाला होता, तो होता गोडवा. फसवणारा माणूस बहुतेकदा ओळखीचा असतो. आधी नवा ड्रेस येतो, मोबाइल येतो, 'तू माझ्या मुलीसारखी' येतं. तिच्या मेंदूने शिकलेला झटक्याआधीचा आवाज हाच. म्हणून भेटवस्तू घेऊन आलेला, पहिल्याच दिवशी डोक्यावरून हात फिरवणारा पाहुणा तिच्या आत भोंगा वाजवतो. काही न मागणारं, काही न आणणारं, ठरल्या वेळी येऊन ठरल्या वेळी जाणारं माणूस मात्र तिच्या आठवड्यात एक तास असा देतं, ज्यात पुढे काय होणार हे तिला माहीत असतं.

हे शिकणं हळू चालतं आणि जुनं पुसत नाही. घंटेनंतर खाणं मिळतं हे शिकलेल्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची लाळ, खाणं न देता नुसती घंटा वाजवून वाजवून थांबली, पण मध्ये काही काळ गेल्यावर पुन्हा सुटली. भीतीचंही तसंच. अमिग्डाला या मेंदूतल्या भीती शिकणाऱ्या भागातली जुनी नोंद राहते. तिच्यावर मेंदूच्या पुढच्या भागातून, व्हेंट्रोमीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून, लगाम बसतो. हा लगाम इंटरकॅलेटेड नावाच्या छोट्या पेशीसमूहांमार्फत ओढला जातो असं मानतात. (इथवर वाचलंत, आभार.) अडचण अशी की 'आता धोका नाही' हे नवं शिकणं जागेला चिकटून असतं. निवासगृहात खेळणारी मुलगी कोर्टाच्या तारखेला थरथरते, रात्री किंचाळते, तेव्हा 'हिच्यावर केलेलं सगळं वाया गेलं' म्हणायचं कारण नाही. नवी जागा आली की जुनी नोंद वर येणारच.

अशा किंचाळण्याला 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारा लावणारे आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. 'दोन दिवसांच्या शिबिरात ट्रॉमा मुळासकट काढतो' म्हणणाऱ्यांसाठी कोणता कायदा लावावा, मला सुचत नाही.

न येण्याचीही किंमत असते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, बक्षिसाचा हिशेब ठेवणाऱ्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली. दिवा लागला की थोड्या वेळाने रसाचा थेंब मिळतो हे माकड शिकलं. मग एकदा दिवा लावून रस दिलाच नाही. ज्या क्षणी थेंब यायला हवा, नेमक्या त्या क्षणी पेशींची टिकटिक नेहमीपेक्षाही खाली गेली. दिवाच न लावणं आणि लावून रस न देणं या मेंदूच्या हिशेबी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माकडावरून मुलीकडे सरळ रेघ मारता येत नाही, हे मान्य. तरी 'दर शनिवारी येईन' म्हणून दोनदाच जाण्यापेक्षा 'महिन्यातून एकदा' म्हणून तेवढं पाळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. गाव सोडायचं असेल तर तारीख आधी सांगावी. आणि समुपदेशकाचं काम समुपदेशकाकडेच राहू द्यावं. कॅरम खेळणाऱ्याने 'तुझ्यासोबत काय झालं?' विचारायचं नसतं.

माझ्या मैत्रिणीलाही कुणी काही सांगितलेलं नाही. एका मुलीने पहिले काही महिने सोंगट्यांना हातच लावला नव्हता, भिंतीला टेकून नुसती बघायची. गेल्या शनिवारी वर्धा रोडला वाहनं अडकली आणि मैत्रीण उशिरा पोचली. ती मुलगी बोर्डवर पावडर टाकून बसली होती. स्ट्रायकर पुढे सरकवत म्हणाली, "चार वाजून बारा मिनिटं झाली, ताई."