पहाटेचं सपान आणि गेलेली लाईट

मे महिन्यात परभणीत पहाटे चारला लाईट जाते, पंखा थांबतो आणि पाच मिनिटांत आमचं अख्खं घर उठून बसतं. मग कुणाला काय दिसलं याची चढाओढ. मावशीचं ठरलेलं वाक्य असतं, "पहाटंचं सपान हाय, खरं होतंय बघ." ज्या रात्री लाईट टिकते आणि झोप नीट होते, त्या सकाळी मात्र फारसं कुणाला काही आठवत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला बरेच उन्हाळे लागले.

पहाटेचं काहीतरी वेगळं असतं, एवढं मावशीचं बरोबर आहे. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांची बुबुळं बंद पापण्यांखाली भराभर हलताना नोंदवली. तेव्हाच उठवून विचारलं, तर २७ पैकी २० वेळा तपशीलवार स्वप्न सांगितलं गेलं. हीच रेम झोप. तिची फेरी साधारण दीड तासाने येते. पहिली काही मिनिटांची, तर पहाटेची अर्ध्या तासापर्यंत लांबते. या झोपेत घाम सोडून अंग थंड ठेवण्याचं कामही मंदावतं. म्हणजे पंखा नेमका चुकीच्या वेळी थांबतो.

पण उठल्यावर स्वप्न आठवतं का? इथे माझी आवडती जागा येते: लोकस सेरुलिअस. लॅटिनमध्ये अर्थ निळा ठिपका. मेंदूच्या देठात डाव्या-उजव्या बाजूला एकेक, दोन्ही मिळून साधारण वीस ते पन्नास हजार पेशी. मेंदूच्या अब्जावधी पेशींपुढे हे म्हणजे यात्रेत एक घर. पण यांचे धागे जवळपास सगळ्या मेंदूत पोचतात आणि तिथे नॉरएड्रेनालिन नावाचं रसायन सोडतात. प्राण्यांच्या मेंदूत बारीक तारा घालून मोजलं, तेव्हा दिसलं की या पेशी जागेपणी सेकंदाला एक-दोनदा ठोका देतात, साध्या झोपेत सुस्तावतात आणि रेममध्ये जवळपास गप्प होतात. त्याच वेळी ॲसिटिलकोलिन हे दुसरं रसायन मात्र भरपूर असतं, म्हणून चित्र झगझगीत दिसतं. नॉरएड्रेनालिन पेशीवरच्या बीटा ग्राहकाला (त्याला धरणाऱ्या खाचेला) चिकटलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्यातून नवी प्रथिनं बनतात आणि दोन पेशींमधला जोड पक्का होतो. आठवण टिकते ती अशी. रेममध्ये ही साखळी पहिल्याच कडीला ढिली पडते.

आपल्या भाषेत सांगायचं तर पीक उभं असतं, पण सातबाऱ्यावर पीकपेरा चढलेला नसतो. जाग आली की तलाठी जागेवर येतो, आणि त्या क्षणी समोर जेवढं उभं आहे तेवढंच नोंदवतो. म्हणूनच प्रत्येकाचं स्वप्न "विहिरीत पडणार तेवढ्यात" तुटतं. भीतीने दचकून जाग येतेच. रेममध्ये भीतीचं केंद्र, अमिग्डला, चांगलंच तापलेलं असतं. पण बहुतेकदा गाडं उलटं असतं: स्वप्न मोठं होतं म्हणून जाग आली असं नव्हे, जाग आली म्हणून ते उरलं. रात्रभरातली बाकीची बिननोंदीची गेली. सांगितलेल्यांतलं एखादं खरं ठरलं की मावशीला ते आठवतं, खोटी ठरलेली शंभर कुणी मोजत नाही.

आणि अर्थाचं काय? मोबाइलवर फिरतंय, साप दिसला तर धनलाभ. पावसाळ्यात आमच्याकडे साप जागेपणीच दिसतो, धन अजून दिसलेलं नाही. १९७७ साली हार्वर्डच्या हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडलं की देठातून वर येणाऱ्या विस्कळीत संदेशांची मेंदू जमेल तशी गोष्ट लावतो. मला ते पटतं, पण गोष्टीचं सामान आपल्याच घरातलं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मावशी तिथेच राहायची. तिच्या स्वप्नात रोज टँकर यायचा आणि तिची घागर सापडायची नाही. यासाठी कोणत्या ज्योतिषाला विचारायचं?

काकांचं मात्र वेगळं आहे. ते किल्लारीकडचे, भूकंपातून वाचलेले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाच्या रात्रीची झोप. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीने जड झालेलं माळद. काका अजूनही त्या सुमाराला ताडकन उठून बसतात आणि आधी वर बघतात. अशा माणसांचा निळा ठिपका रेममध्येही पुरता गप्प होत नसावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. नॉरएड्रेनालिनला अडवणाऱ्या प्राझोसिन या औषधाने काहींना गुण येतो, सगळ्यांना नाही. दुसरा उपाय बिनगोळीचा: दिवसा जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तोच रोज मनात घोळवायचा.

काकांनी तो वहीत लिहिलाय. त्यात त्या रात्री फार उकडतंय, म्हणून सगळे अंथरूण-पांघरूण घेऊन अंगणात झोपलेत.