एका ब्रेडचे स्लाइस किती निघतात?

वाढदिवस, भिशी किंवा शाळेची सहल ठरली की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "एका ब्रेडमध्ये स्लाइस किती?" आणि लगेच दुसरा, "किती ग्रॅमचा आहे?" वजनावर जाऊ नका. ब्रेड साच्यात भाजला जातो आणि साच्याची लांबी ठरलेली असते. स्लाइस किती निघणार हे ती लांबी आणि कापाची जाडी ठरवते. गव्हाचा ब्रेड मैद्याच्या ब्रेडइतका फुगत नाही, त्याच साच्यात बुटका राहतो. त्याचे स्लाइस तेवढेच निघतात, फक्त उंचीला कमी. "यात कमी घातलेत का?" असं बरेच जण विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.

आमचा लहान ब्रेड (400 ग्रॅम) 20 सेंमी लांब आहे आणि मोठा सँडविच ब्रेड (800 ग्रॅम) 36 सेंमी. मशीनची पाती 12 मिमी अंतरावर बसवलेली आहेत. मोठ्याचे 360 ÷ 12 म्हणजे 30 स्लाइस. लहानाचे 16 होऊन थोडं उरतं, ते टोकाच्या स्लाइसमध्ये जातं. म्हणून त्याचं एक टोक जाडसर लागतं.

गडबड होते ती टोकांपाशी. दोन्ही टोकांच्या स्लाइसची एक बाजू पूर्ण कडक असते, पाहुण्यांच्या बशीत ते कुणी ठेवत नाही. म्हणजे सँडविचसाठी मोठ्या ब्रेडचे 28 धरा, लहानाचे 14. समजा 45 माणसं आहेत आणि प्रत्येकी दोन सँडविच. म्हणजे 90 सँडविच, 180 स्लाइस. तिसाने भागलं तर बरोबर 6 ब्रेड येतात आणि माणूस खूश होऊन तेवढेच नेतो. पण 6 ब्रेडचे कामाचे स्लाइस 168, म्हणजे सँडविच 84. शेवटची सहा कमी पडतात. 7 न्या. मध्ये एक जास्तीचा स्लाइस घालून तीन थरांचं करणार असाल तर 270 स्लाइस लागतील, म्हणजे 10 ब्रेड.

कडा कापणार असाल तर स्लाइसची संख्या तीच राहते, पण पोट भरत नाही. 10 सेंमीच्या चौकोनी स्लाइसच्या चारही बाजू एकेक सेंमी कापल्या की 100 चौरस सेंमीपैकी 64 उरतात. एक तृतीयांशाहून जास्त ब्रेड कडांमध्ये गेला! अशा वेळी माणशी दोनऐवजी तीन सँडविच धरा. कडा टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवून मिक्सरमधून काढल्या की कटलेटला लावायला चुरा तयार. टोकांचंही तेच.

चीज टोस्टसाठी जाड स्लाइस हवे असतील तर 18 मिमीचे हाताने कापून देतो. मोठ्या ब्रेडचे साधारण 20 होतात, हातकाम असल्याने एखादा इकडेतिकडे. लादी पावाला हा हिशोबच नको, पाव मोजून घ्यायचे.

एक विनंती. भट्टीतून नुकताच निघालेला ब्रेड आम्ही मशीनवर घालत नाही. आतून गरम असला की तो पात्याला चिकटतो, दबतो आणि स्लाइस फाटतात. पूर्ण निवायला दोन-तीन तास जातात. सकाळी लवकर सँडविच करायची असतील तर ऑर्डर आदल्या दिवशी द्या. देताना माणसं किती, कडा कापणार की नाही आणि ब्रेड कापून हवा की अख्खा, एवढं सांगा. किती ब्रेड लागतील ते आम्ही काढून देतो.