दोघेच वाजवणार? गिटार-बासच्या रेकॉर्डिंगला येण्यापूर्वी

जाझची गिटार-बास जोडी गोव्यातल्या आमच्या स्टुडिओत आली की पहिला प्रश्न ठरलेला: आधी बास (खर्जातले स्वर देणारं तारवाद्य) भरून घेऊ, गिटार मागाहून वाजवू, चालेल? चालेल, पण आमचा आग्रह आहे की तसं करू नका. एकाच खोलीत समोरासमोर बसून वाजवा.

ड्रम नसल्यामुळे लय सांभाळायची ती बासनं. गिटारनं कधी सुरावट घ्यायची, कधी नुसते कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, देत बासला मोकळं सोडायचं. भजनात पखवाजवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत समेवर येतो, तसंच हे. हेडफोनवर ते साधत नाही. गिटारवादक जिम हॉल आणि बासवादक रॉन कार्टर यांनी १९७२ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये श्रोत्यांसमोर दोघांनीच वाजवलं आणि त्याच वादनाची रेकॉर्ड निघाली. येण्याआधी ती जरूर ऐका. हॉल किती जागा रिकामी ठेवतो, त्याकडे खास लक्ष द्या.

एकत्र वाजवण्यात एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. गिटारच्या माइकमध्ये बासही उतरतो. त्यामुळे एकाचा चुकलेला स्वर तेवढाच काढून बदलता येत नाही. तो भाग दोघांनी मिळून पुन्हा वाजवावा लागतो. म्हणून तालीम घरी करून या.

दुसरी गोष्ट घरघरीची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि बासच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर येतो ४९ हर्ट्झला. म्हणजे वायरिंगची घरघर नेमकी त्या स्वराला चिकटून बसते. फिल्टर लावून ती काढायला जावं, तर तो स्वरच पोकळ होतो. म्हणून आम्ही अर्थिंगवर खर्च केला आहे, आणि तुमची केबल आणि अँप्लिफायर सुरुवातीलाच तपासून घेतो. सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज एकाच गुंडाळीनं पकडणारी, म्हणून घरघरही पकडणारी) गिटार असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

उभा बास, म्हणजे उभा धरून वाजवायचा मोठा लाकडी बास, पावसाळ्यात आणणार असाल, तर आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा. गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि तारांची उंची बदलते. एसीच्या खोलीत आणल्यावर ते पुन्हा हलतं, आणि सकाळी लावलेला बास दुपारी उतरलेला असतो. रात्रभर खोलीत राहिला की निवतो. त्या रात्रीचं भाडं आम्ही घेत नाही.

तारा मात्र नव्या कोऱ्या चढवून येऊ नका. आठवडाभर आधी बदला.