पीजे हार्वी यांची ध्वनिमुद्रिते

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डॉर्सेट परगण्यात वाढलेल्या गायिका, गीतकार आणि वादक पॉली जीन हार्वी (जन्म ९ ऑक्टोबर १९६९, ब्रिडपोर्ट) यांनी पीजे हार्वी या नावाने १९९१ पासून प्रसिद्ध केलेल्या संगीताचा विचार या नोंदीत केला आहे. १९९२ ते २०२३ या काळात त्यांचे १० स्टुडिओ अल्बम निघाले. संगीतकार जॉन पॅरिश यांच्यासह केलेले दोन अल्बम, घरगुती कच्च्या ध्वनिमुद्रणांचे संग्रह आणि बीबीसीवरील सत्रांचे एक संकलन यांची त्यात भर पडते. त्यांची गणना ऑल्टरनेटिव्ह रॉकमध्ये, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या रॉक संगीतात होते. मात्र एक अल्बम गाजला की पुढच्यासाठी वाद्ये, आवाजाची पट्टी आणि पुष्कळदा ध्वनिमुद्रणाची जागाही बदलायची, असा त्यांचा शिरस्ता असल्याने हे वर्गीकरण सोयीपुरतेच मानावे लागते.

पॅरिश यांच्या ऑटोमॅटिक डलामिनी या समूहात उमेदवारी केल्यानंतर हार्वी यांनी १९९१ मध्ये ड्रमवादक रॉब एलिस यांच्यासह तिघांचा समूह उभा केला. बास गिटारवर लवकरच स्टीव्ह व्हॉन आले. टू प्युअर या छोट्या कंपनीने त्याच वर्षी ‘ड्रेस’ हे पहिले सिंगल आणि मार्च १९९२ मध्ये ‘ड्राय’ हा पहिला अल्बम काढला. त्यानंतर आयलंड या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, पॅकिडर्म स्टुडिओत, ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी ‘रिड ऑफ मी’ (१९९३) ध्वनिमुद्रित केला. समूह खोलीत प्रत्यक्ष जसा वाजतो तसाच फितीवर उतरावा, असा अल्बिनी यांचा आग्रह असे. त्यामुळे या अल्बममध्ये कुजबुजीएवढा हलका आवाज आणि अंगावर येणारा गोंगाट यांत इतके अंतर आहे की श्रोत्याचा हात आवाजाच्या बटणावरून निघू नये. काहींना ही पद्धत गाण्यांवर कुरघोडी करणारी वाटली. त्याच वर्षी आलेल्या ‘फोर-ट्रॅक डेमोज’मध्ये यांतील बरीच गाणी हार्वी यांनी घरी एकटीने केलेल्या मूळ रूपात ऐकायला मिळतात. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास गाण्याचा सांगाडा कोणता आणि त्यावर समूहाने काय चढवले, हे नेमके कळते. त्या दृष्टीने हा संग्रह मुख्य अल्बमाइतकाच महत्त्वाचा आहे.

हा त्रिकुटाचा समूह १९९३ मध्ये विसर्जित झाला. ‘टू ब्रिंग यू माय लव्ह’ (१९९५) हा त्यामुळे खऱ्या अर्थाने पहिला एकल अल्बम होय. निर्माते फ्लड आणि पॅरिश यांच्यासह निर्मिलेल्या या अल्बमात गिटारचा जोर ओसरून ऑर्गन, तंतुवाद्ये आणि ब्लूजची जड, संथ चाल पुढे आली, आणि ‘डाऊन बाय द वॉटर’ या गाण्याने अमेरिकेतही त्यांचे नाव झाले. १९९८ चा ‘इज धिस डिझायर?’ इलेक्ट्रॉनिक ध्वनींकडे झुकलेला, काहीसा कोंदट अल्बम आहे. त्याच्या नेमका उलट, मोकळा आणि उजळ असा ‘स्टोरीज फ्रॉम द सिटी, स्टोरीज फ्रॉम द सी’ २००० मध्ये आला. न्यूयॉर्कमधील वास्तव्याची छाप असलेल्या या अल्बमात रेडिओहेड या इंग्लिश रॉक समूहाचे थॉम यॉर्क यांचाही आवाज आहे. याला मर्क्युरी पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमला दिला जाणारा पुरस्कार, मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या एकल गायिका. घोषणेचा दिवस ११ सप्टेंबर २००१, म्हणजे अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्यांचाच दिवस होता आणि हार्वी त्या वेळी दौऱ्यानिमित्त वॉशिंग्टनमध्येच होत्या.

ड्रम वगळता जवळपास सर्व वाद्ये स्वतः वाजवलेल्या ‘अ हं हर’नंतर (२००४) त्यांनी ‘व्हाइट चॉक’साठी (२००७) गिटार बाजूला ठेवून, फारशा सरावाचा नसलेला पियानो घेतला आणि नेहमीपेक्षा बऱ्याच वरच्या, जवळजवळ कापऱ्या पट्टीत गायन केले.

‘लेट इंग्लंड शेक’ (२०११) हा बहुतेक समीक्षकांच्या मते त्यांचा सर्वोत्तम अल्बम. २०१० मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळील ईप येथील एका चर्चमध्ये तो ध्वनिमुद्रित झाला. पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीची मोहीम आणि इंग्लंडचा युद्धखोर इतिहास हा त्याचा विषय आहे. मृत्यूची वर्णने ऑटोहार्प या तंतुवाद्याच्या हलक्या, जवळपास आनंदी वाटणाऱ्या सुरांवर गायलेली असल्याने ती अधिक बोचतात. या अल्बममुळे मर्क्युरी पारितोषिक दोनदा मिळवणाऱ्या त्या एकमेव कलावंत ठरल्या. पुढचा ‘द होप सिक्स डिमॉलिशन प्रोजेक्ट’ (२०१६) छायाचित्रकार शेमस मर्फी यांच्यासह केलेल्या कोसोव्हो, अफगाणिस्तान आणि वॉशिंग्टनच्या प्रवासांतून आला. २०१५ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये एकतर्फी काचेच्या खोलीत त्याचे ध्वनिमुद्रण चालले असताना प्रेक्षक ते तिकीट काढून पाहू शकत होते. ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला हा त्यांचा एकमेव अल्बम. परंतु वॉशिंग्टनच्या एका गरीब वस्तीचे त्यातील चित्रण तेथील राजकीय नेत्यांना रुचले नाही, आणि प्रवाशाने ओझरते पाहिलेल्यावर गाणी रचण्याची मर्यादा येथे खरोखरच जाणवते.

२०२० पासून जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्यांबरोबर त्यांची कच्ची ध्वनिमुद्रणेही स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत गेली. ‘आय इनसाइड द ओल्ड इयर डाइंग’ (२०२३) या दहाव्या अल्बमचे शब्द मुख्यतः डॉर्सेटच्या बोलीत आहेत आणि ते त्यांच्याच ‘ऑर्लम’ (२०२२) या काव्यग्रंथातून आले आहेत. फ्लड आणि पॅरिश हे त्याचे निर्माते आहेत.