कंदमुळांची घरगुती साठवण आणि फ्रीझिंग

कंदमुळांची घरगुती साठवण म्हणजे गाजर, बीट, मुळा, सलगम, रताळं, बटाटा, सुरण, अळकुडी, कसावा (ज्याचा साबुदाणा करतात ते मूळ) अशा जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्या घरच्या घरी जास्तीत जास्त दिवस खाण्यालायक ठेवणं. याच्या दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट्या आहेत. एका वाटेत भाजी जिवंत ठेवायची, थंड अंधाऱ्या जागी तिला झोपवून ठेवायचं. दुसरीत तिच्या आतलं सगळं काम आधी उकळत्या पाण्यात बंद पाडायचं आणि मग ती उणे १८ अंश सेल्सिअसला गोठवायची. घरात जी नासाडी होते ती बहुतेक वेळा या दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे होते, म्हणजे जिवंत ठेवायची भाजी धुऊन प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून टाकायची, आणि गोठवायची भाजी कच्चीच फ्रीझरमध्ये कोंबायची.

शास्त्राच्या हिशोबाने ही सगळी मंडळी एका जातीची नाहीत. गाजर, बीट, मुळा, रताळं, कसावा ही मुळं. बटाटा हे फुगलेलं खोड, म्हणून तर त्याला डोळे असतात आणि त्यातून कोंब फुटतात. सुरण आणि अळकुडी हे घनकंद, म्हणजे फुगलेलं भरीव खोडच, आलं आणि हळद ही जमिनीत आडवी पसरणारी खोडं. पण काम सगळ्यांचं एकच, झाडाने पुढच्या हंगामासाठी बांधून ठेवलेली शिदोरी. गाजर आणि बीट तर द्विवर्षायू, पहिल्या वर्षी मुळात साखर भरून ठेवायची, थंडी काढायची आणि दुसऱ्या वर्षी त्या साठ्यावर फुलोरा धरायचा. टिकणं हा यांचा मूळचा स्वभावच आहे, आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही.

उपटलं म्हणून गाजर लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं, साठवलेली साखर थोडी थोडी जाळतं, त्यातून उष्णता आणि वाफ बाहेर पडते. बंद पिशवीच्या आत जे पाण्याचे थेंब दिसतात त्यात ही वाफही असते, आणि बुरशीला नेमकं तेच हवं असतं. तापमान १० अंशांनी उतरवलं की हा श्वास साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, साठवणीचं सगळं गणित या एका गोष्टीवर चालतं.

जिवंत ठेवण्याची वाट

गाजर, बीट, सलगम, मुळा यांना ० अंशांच्या जवळची थंडी आणि ९५ टक्क्यांच्या वरची दमट हवा लागते. असं जमलं तर पूर्ण वाढलेली गाजरं सहा-सहा महिने कडक राहतात. घरच्या फ्रीजमध्ये तापमान साधारण ४ अंशांच्या आसपास असतं, तिथे महिनाभर तर आरामात जातात. पाला मात्र घरात आल्या आल्या काढायचा कारण तो मुळातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत गाजर वाकायला लागतं. बीटचा पाला कापताना २-३ सेंटिमीटर देठ ठेवायचा आणि खालची शेपटीही तोडायची नाही, नाहीतर उकडताना सगळा रंग पाण्यात उतरतो. साठवायच्या आधी धुवायचं नाही, माती फक्त हाताने झटकायची. चिरलेलं, खरचटलेलं, किडलेलं एकही आत जाऊ द्यायचं नाही, ते आधी खाऊन टाकायचं.

फ्रीजमध्ये जागा नसेल तर खोक्यात किंचित ओलसर वाळूचे थर देऊन त्यात गाजरं किंवा बीट आडवी ठेवायची, एकमेकांना टेकू न देता. वाळू मुठीत दाबली तर जेमतेम गोळा व्हावी पण हाताला पाणी लागू नये, एवढीच ओली. खोका घरातल्या सगळ्यात गार अंधाऱ्या कोपऱ्यात. वाळू ओल धरून ठेवते आणि एक नग सडला तर ती सड शेजाऱ्यापर्यंत सहज पोचू देत नाही.

शेजारावरून आठवलं, गाजराच्या कप्प्यात सफरचंद ठेवू नका. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्या वायूने गाजरात एक कडू द्रव्य तयार होतं. दिसायला गाजर अगदी छान, आणि चावल्यावर कडू, मग दोष बियाण्याला किंवा विकणाऱ्याला दिला जातो.

बटाट्याची तऱ्हा वेगळी. त्याला ७ ते १० अंश, अंधार आणि खेळती हवा लागते. फ्रीजमध्ये टाकला की त्याच्यातला स्टार्च साखरेत बदलायला लागतो, बटाटा गोडसर लागतो आणि तळताना आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो, शिवाय असा बटाटा कडक तापमानाला तळला-भाजला की अॅक्रिलामाइड हे नको असलेलं द्रव्यही जास्त तयार होतं (तळलेल्या पदार्थांतलं हे द्रव्य २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी उजेडात आणलं). चुकून ठेवलेच असतील तर बाहेर काढून दोन-तीन आठवडे १५ ते २० अंशांना ठेवले की साखर बऱ्यापैकी कमी होते. उजेडात ठेवलेला बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य, त्याने काही होत नाही, पण त्याच्यासोबत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती शिजवून जात नाहीत. थोडासा हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाकले तर चालतं, पण सगळाच बटाटा हिरवा किंवा चवीला कडू असेल तर सरळ फेकून द्यायचा, इथे काटकसर नको.

रताळ्याला तर थंडीच सोसत नाही. १० अंशांच्या खाली काही दिवस राहिलं की आतून इजा होते, शिजवल्यावरही मधला गाभा टणकच राहतो. ताजं खणलेलं रताळं आधी ३० अंशांच्या आसपास, दमट हवेत चार ते सात दिवस ठेवतात, त्याने सालीवरच्या जखमा भरून येतात आणि गोडीही वाढते, मग १३ ते १५ अंशांना ते कित्येक महिने टिकतं. कांदा-लसूण हे काही कंदमूळ नाही पण टोपली एकच असते म्हणून सांगायचं, त्यांना कोरडी हवा लागते आणि बटाट्याला दमट, त्यामुळे दोघांची टोपली वेगळी.

गोठवल्यावर आत काय होतं

भाजी म्हणजे मुख्यतः पाणीच. मुळ्यात ते ९५ टक्क्यांच्या आसपास, गाजरात ८८, बटाट्यात ७९. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण ९ टक्के फुगतो, आणि गोठणं हळू झालं तर बर्फाचे स्फटिक मोठे होऊन पेशींच्या भिंती फोडतात. उणे १ ते उणे ५ अंशांचा पट्टा सगळ्यात नाजूक, बहुतेक बर्फ तिथेच होतो, म्हणून तो जितक्या लवकर ओलांडता येईल तितकं बरं. झटपट गोठवण्याचं हे तंत्र व्यापारी पातळीवर आणलं क्लॅरेन्स बर्ड्झाय या अमेरिकन माणसाने. १९१० च्या दशकात आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोर या अतिथंड भागात असताना त्याने पाहिलं की कडाक्याच्या थंडीत बाहेर काढल्या काढल्या गोठलेला मासा पुढे वितळवला तरी ताज्यासारखा लागतो. घरचा फ्रीझर काही लॅब्राडोर नव्हे, म्हणून घरी तुकडे लहान ठेवायचे, ट्रेवर एकेरी पसरून गोठवायचे, आणि एका दिवसात फ्रीझरमध्ये खूप माल भरायचा नाही कारण त्याने आतलं तापमानच चढतं.

कच्चा बटाटा गोठवून वितळवला की काय होतं ते एकदा हातात घेऊन बघण्यासारखं आहे. फोड राखाडी-काळपट पडलेली असते, दोन बोटांत दाबली की स्पंजातून यावं तसं पाणी गळतं आणि हातात पचपचीत चोथा उरतो. तो शिजवून सावरत नाही.

ब्लांचिंग, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते थांबतात. आणि भाजीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तर पूर्ण थांबतही नाहीत, उणे १८ अंशांनाही हळूहळू रंग, वास आणि चव पोखरत राहतात. त्यांना बंद पाडायचा घरगुती उपाय म्हणजे ब्लांचिंग, भाजी ठरलेला वेळ उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकणं. मी एकदा एकाच दिवशी, एकाच ढिगातल्या गाजराची दोन पाकिटं केली, एक ब्लांच करून, एक कच्चं. चार महिन्यांनी उघडली तर पहिल्यातले तुकडे केशरी आणि गाजराच्याच वासाचे, आणि दुसऱ्यातून वाळक्या गवताचा वास आला, रंग फिका, चव पुठ्ठ्यासारखी. तेव्हापासून ब्लांचिंगचा कंटाळा केला नाही.

प्रमाण सोपं आहे, अर्ध्या किलोला चार लिटर पाणी, खळखळून उकळलेलं. भाजी टाकल्यावर एका मिनिटात पाणी परत उकळायला हवं, नाही उकळलं तर भाजी जास्त झाली. वेळ पाणी परत उकळायला लागल्यापासून मोजायचा. गाजराच्या चकत्या किंवा फोडी २ मिनिटं, लहान अख्खी गाजरं ५ मिनिटं. सलगमच्या साधारण सव्वा सेंटिमीटरच्या फोडी २ मिनिटं. छोटे नवे बटाटे ३ ते ५ मिनिटं. वाफेवर केलं तर दीडपट वेळ, आणि समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर राहत असाल तर एक मिनिट जास्त, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. अर्धवट ब्लांचिंग तर न केल्याहून वाईट, त्याने विकरं मरायच्या ऐवजी अजून चेकाळतात. जास्त झालं तर भाजी शिजून जाते आणि क जीवनसत्त्व पाण्यात निघून जातं (थोडं तर जातंच, गाजरातलं कॅरोटीन मात्र चांगलं टिकतं).

मग बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ. आणि मग निथळणं, जे घाईत राहून जातं. कापडावर पसरून वरचं पाणी टिपून घ्या, नाहीतर सगळ्याचा एक गोळा होतो. ट्रेवर कडक झाले की तुकडे झिप बॅगेत भरायचे, बॅग हाताने चपटी दाबत हवा काढायची. आत हवा राहिली की फ्रीझर बर्न होतो, म्हणजे बर्फाची थेट वाफ होऊन पृष्ठभाग सुकतो, पांढरट चिवट डाग पडतात. त्याने अपाय काही नाही, पण खाववत नाही. बॅगेवर नाव आणि तारीख लिहायचीच, गोठलेलं सलगम आणि गोठलेला बटाटा ओळखता येत नाही. चांगल्या प्रतीचा माल ८ ते १२ महिने.

काहींना ब्लांचिंगच्या पुढे जावं लागतं. बीट सालासकट पूर्ण उकडायचं, लहान असेल तर २५-३० मिनिटं, मध्यम ४५-५०, मग गार पाण्याखाली साल अंगठ्याने ढकलली की मोज्यासारखी निघून येते, आणि मग फोडी करून फ्रीझरमध्ये. रताळंही जवळजवळ शिजवूनच, आणि बटाटा गोठवायचाच असेल तर कुस्करून, मॅश चांगला टिकतो. अळकुडी आणि सुरणही शिजवूनच ठेवलेलं बरं, खाजही जाते. कसाव्याला तर फ्रीझर म्हणजे वरदान, कारण खणल्यावर दोन-तीन दिवसांतच तो आतून निळा-काळा पडायला लागतो. साल काढून तुकडे करून लगेच गोठवायचे, पण फ्रीझरने त्यातली सायनाइड बनवणारी द्रव्यं जात नाहीत, तेव्हा खाताना नीट शिजवायलाच हवा. आल्याला यातलं काहीच नको, अख्खं गोठवा आणि गोठलेलंच किसा, ताज्यापेक्षा बारीक किसलं जातं. मुळा गोठवू नका, वितळल्यावर त्याचा कुरकुरीतपणा पार जातो आणि पचपचीत चोथा हाती येतो.

वापरताना वितळवत बसायचं नाही, गोठलेले तुकडे थेट गरम भांड्यात, वेळही कमी लागतो कारण अर्धं काम ब्लांचिंगनेच केलेलं असतं. वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडू नका, गच्च भरलेला असेल तर आतला माल साधारण ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. नंतर उघडल्यावर तुकड्यांत बर्फाचे कण अजून शिल्लक असतील तर परत गोठवायला हरकत नाही, थोडे मऊ पडतील, ती पाकिटं वरच्या थरात ठेवा आणि आधी संपवा.